झेनोफनचा स्पार्टा : स्तुती आणि साक्ष

प्राचीन ग्रीसमधील नगरराज्यांपैकी स्पार्टाच्या राज्यघटनेइतकी स्तुती क्वचितच दुसऱ्या एखाद्या घटनेच्या वाट्यास आली असेल. या स्तुतीच्या परंपरेत झेनोफनच्या ‘लॅसिडेमोनियनांची राज्यघटना’ या छोटेखानी ग्रंथाचे स्थान अग्रभागी आहे. झेनोफन जन्माने अथेन्सचा. परंतु तेथून हद्दपार झाल्यावर त्याला स्पार्टाने आश्रय दिला, ऑलिंपियाजवळ स्किलस येथे जमीन दिली, आणि राजा अजेसिलेअस याचा स्नेह त्याला लाभला. त्याने स्पार्टा जवळून पाहिला होता. म्हणूनच त्याने काय पाहिले याइतकेच, त्याने काय वगळले हेही तपासणे अगत्याचे ठरते.

ग्रंथाचा आरंभच एका आश्चर्याने होतो. ज्याची नागरिकसंख्या अत्यल्प, ते राज्य ग्रीसमध्ये सर्वांत बलाढ्य कसे झाले? झेनोफनचे उत्तर एकच आहे : लायकर्गसचे कायदे. मुलांचे कठोर शिक्षण, प्रौढांचे सामुदायिक भोजन, धनार्जनाच्या व्यवसायांस बंदी आणि अधिकाऱ्यांपुढे निरपवाद आज्ञाधारकता ही त्या कायद्यांची अंगे त्याने क्रमाने वर्णिली आहेत. राज्ययंत्राविषयीचे त्याचे निरीक्षणही मार्मिक आहे. स्पार्टात दोन राजे, राजांखेरीज अठ्ठावीस वृद्धांचे मंडळ, दरवर्षी निवडले जाणारे पाच एफर आणि नागरिकांची सभा अशी सत्तेची विभागणी होती. राजे व एफर दरमहा परस्परांस शपथ देत : राजा कायद्यानुसार राज्य करण्याची, आणि तो शपथ पाळील तोवर राजपद अबाधित राखण्याची एफर नगराच्या वतीने. सत्तेला सत्तेनेच आवर घालण्याची ही योजना प्रशंसेस पात्र आहे, यात शंका नाही.

तथापि, ज्यांना धनार्जन वर्ज्य, त्यांच्या भोजनाचे धान्य पिकवीत कोण, या प्रश्नास या ग्रंथात एकही प्रकरण मिळालेले नाही. ते पिकवीत हेलॉट, म्हणजे भूमीशी जखडलेले दास. हिरॉडोटसच्या कथनानुसार इ. स. पू. ४७९ मध्ये प्लाटियाच्या रणभूमीवर पाच हजार स्पार्टिएट होते, आणि प्रत्येकाबरोबर सात हेलॉट होते. थ्युसिडिडीज सांगतो की, स्वातंत्र्याचे आमिष दाखवून निवडलेले सुमारे दोन हजार हेलॉट पुढे नाहीसे केले गेले. झेनोफनच्या ग्रंथात या भयाची केवळ एक पुसट खूण आढळते : छावणीत स्पार्टन सदैव भाला बाळगीत, आणि दासांना शस्त्रांपासून दूर ठेवीत. स्तुतीच्या ओघात निसटलेले हे एक वाक्य अनेक पृष्ठांपेक्षा अधिक बोलके आहे.

याहून महत्त्वाची साक्ष झेनोफनच्याच दुसऱ्या ग्रंथात मिळते. ‘हेलेनिका’ या इतिहासात त्याने इ. स. पू. ३९९ च्या सुमाराच्या किनॅडॉनच्या कटाची हकीकत दिली आहे. किनॅडॉन हा शूर तरुण. पण तो ‘समान’ म्हणविणाऱ्या पूर्ण नागरिकांपैकी नव्हता. खबऱ्याच्या सांगण्याप्रमाणे त्याने त्याला बाजारपेठेत नेऊन स्पार्टिएट मोजावयास लावले. राजा, एफर, वृद्ध आणि आणखी सुमारे चाळीस जण भरले. उरलेले चार हजारांहून अधिक लोक त्यांचे वैरी असल्याचे किनॅडॉनने सांगितले. स्तुतिग्रंथात जी अल्पसंख्या कौतुकाचा विषय होती, तीच येथे भीतीचा विषय झाली आहे. स्तुतिकार झेनोफनला जे दिसले नाही, ते इतिहासकार झेनोफनने नोंदविले.

या अल्पसंख्येची कारणमीमांसा ॲरिस्टॉटलने ‘राज्यशास्त्रा’त केली. सामुदायिक भोजनाचा ठराविक वाटा जो देऊ शकत नसे, त्याचे नागरिकत्व जाई; क्रीटमध्ये हाच खर्च सार्वजनिक उत्पन्नातून होत असे. इकडे हुंडा व मृत्युपत्रे यांच्या मार्गाने जमीन थोड्यांच्या हाती एकवटत गेली. जो प्रदेश पंधराशे घोडेस्वार व तीस हजार पायदळ पोसू शकला असता, तेथे योद्ध्यांची संख्या एक हजारही उरली नाही, असे त्याचे म्हणणे आहे. इ. स. पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्रा येथे सुमारे सातशे स्पार्टिएट लढले व त्यांतील चारशे पडले. हे आकडेही झेनोफनचेच आहेत. पुढे मेसेनिया स्वतंत्र झाल्यावर स्पार्टाचा गेलेला जोम पुन्हा परतला नाही.

ॲरिस्टॉटलचे विवेचनही निर्दोष नाही. सुमारे दोन-पंचमांश जमीन स्त्रियांकडे होती या वस्तुस्थितीचा संबंध तो त्यांच्या स्वैराचाराशी जोडतो. वस्तुतः तो वारसापद्धतीचा परिणाम होता. परंतु दोष कायद्यातच शोधण्याची त्याची दिशा योग्य आहे. झेनोफन मात्र ग्रंथाच्या चौदाव्या प्रकरणात ऱ्हास मान्य करूनही, लोकांनी लायकर्गसचे कायदे सोडल्याचा ठपका ठेवून थांबतो. पुढे प्लूटार्कने समान वाटलेल्या नऊ हजार भूखंडांचे चित्र रंगविले, परंतु इ. स. पू. तिसऱ्या शतकातील चौथा एजिस व तिसरा क्लिओमेनिस यांच्या सुधारणांची छाया त्यावर पडली असावी, असे अनेक आधुनिक अभ्यासक मानतात. ही मूळ समानताच गृहीत धरली, तर पुढील ऱ्हास केवळ नीतिभ्रंश भासतो आणि कायदा निर्दोष ठरतो.

स्पार्टाचे कायदे मोडले म्हणून स्पार्टा खचला, हे अर्धसत्य आहे. भोजनाच्या वाट्याचा नियम स्पार्टाने काटेकोरपणे पाळला, आणि त्या पालनानेच वर्षानुवर्षे नागरिक गळत गेले. राज्यघटनेची परीक्षा ती आपल्या नागरिकांत कोणते गुण निर्माण करते एवढ्यावरच संपत नाही. ती किती जणांना नागरिक राहू देते, आणि कोणाच्या श्रमावर उभी राहते, हेही पाहावे लागते. झेनोफनने पहिला प्रश्न विचारला. उरलेल्या दोहोंची उत्तरे त्याच्याच इतिहासात विखुरलेली आहेत, आणि म्हणूनच त्याचे हे दोन ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत.