मिलवॉकीचे पाकपुस्तक आणि आपला हलवा



आम्ही उभयता न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहायला आलो, त्या वर्षी शेजारच्या एका वृद्ध अश्कनाझी बाईंनी आम्हाला शाबाथच्या रात्री जेवायला बोलावले. टेबलावर रोस्ट बीफच्या चकत्या, भाजलेले बटाटे आणि मधोमध काचेच्या ताटात एक हिरवट, आरपार दिसणारा, थरथरणारा पदार्थ होता. आम्हाला वाटले, हा आपला हलवाच. गोड म्हणून शेवटी खाऊ असे ठरवून आम्ही तो बाजूला ठेवला. शेवटी घास घेतला तर आत बारीक चिरलेला कोबी, गाजर, सेलरी आणि व्हिनेगरचा आंबटपणा! बाईंनी विचारले, "आवडले का?" आम्ही मान हलवली. आपल्या मान हलवण्याचा अर्थ अमेरिकन माणसाला नीट लागत नाही, हे त्या दिवशी बरेच झाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आम्हाला एक जाड जुने पुस्तक आणून दिले. त्यांच्या आईचे, पाने पिवळी पडलेली, कडांना तुपकट डाग. नाव 'द सेटलमेंट कुक बुक'. अमेरिकेतल्या यहुदी घरांत हे पुस्तक एके काळी लेकीला लग्नात देत. आज त्याविषयी लिहिण्याचे कारण असे की, 'जुने घरगुती जेवण' म्हणून जे जेवण तिथली यहुदी मंडळी डोळे ओले करून आठवतात, ते घरातून आले की या पुस्तकातून, असा प्रश्न आम्हाला पडला आहे.

पुस्तकाची हकिकत चांगली आहे. लिझी ब्लॅक कॅंडर या मिलवॉकी शहरातल्या जर्मन-यहुदी बाई. रशियातून पळून आलेल्या गरीब यहुदी कुटुंबांतल्या मुलींसाठी त्या सेटलमेंट नावाच्या संस्थेत स्वयंपाकाचे वर्ग चालवत. फळ्यावरच्या कृती उतरवून घेण्यात मुलींचा वेळ फुकट जाई, म्हणून कॅंडरबाईंनी त्या छापण्यासाठी संचालक मंडळाकडे 18 डॉलर मागितले. मंडळाने नकार दिला. मग बाईंनी जाहिराती मिळवल्या आणि 1901 साली एक हजार प्रती काढल्या. पुढे चाळीसच्या वर आवृत्त्या निघाल्या आणि वीस लाखांच्या आसपास प्रती खपल्या. त्या पैशांच्या बळावर संस्थेची नवी इमारत 1911 साली उभी राहिली. अठरा डॉलर नाकारणाऱ्या त्या पुरुषांचे पुढे काय म्हणणे झाले, ते आम्हाला ऐकायला आवडले असते.

शिकवण्याचे पुस्तक म्हणून आम्ही त्याला पैकीच्या पैकी गुण देऊ. चूल कशी पेटवायची, भांडी कोणत्या क्रमाने घासायची, इथपासून सुरुवात. प्रत्येक कृतीत माप: कप, चमचा, मिनिटे. "अंदाजाने घाला" हा आपल्या आयांचा लाडका शब्द इथे चालत नाही. ज्या मुलीची आई समुद्रापलीकडे राहिली, तिला हे पुस्तक आईसारखे वाटले असल्यास नवल नाही. आणखी एक गोष्ट कॅंडरबाईंच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्या काळी बोस्टनच्या शास्त्रशुद्ध स्वयंपाक शिकवणाऱ्या बायकांना परदेशातून आलेल्या लोकांचे झणझणीत, लोणची-मसाल्यांचे जेवण मुळीच पसंत नव्हते. कॅंडरबाईंनी मात्र अमेरिकन पदार्थांच्या शेजारी मात्झोच्या गोळ्यांना आणि कुगेललाही मानाने जागा दिली.

पण त्याच पुस्तकात ऑयस्टर, म्हणजे आपल्या कोकणातली कालवं, शिजवण्याच्याही कृती आहेत. आमचे भांडण इथे सुरू होते. पुस्तकाची मांडणी साध्या अमेरिकन पाकपुस्तकासारखी आहे. काशेर काय आणि तरेफ काय, हे जिला घरून ठाऊक आहे ती पान उलटून पुढे जाईल. जिला ठाऊक नाही तिचे काय? वर्ग तर तिच्यासाठीच होता. दाविद राहाबींची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांनी आपल्या बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवले, आणि बायकांनी पंख-खवले नसलेले मासे आपसूक बाजूला काढले. त्या बायकांजवळ पुस्तक नव्हते. शेजारच्या घरी कालवं शिजत होती आणि आपल्या घरी शिजत नव्हती, एवढेच त्यांना माहीत होते. मिलवॉकीच्या मुलींच्या हाती मापे सगळी आली. काय बाजूला काढायचे, ते त्यांना घरून आणावे लागले.

रोस्ट बीफचेही असेच. आपल्यापैकी कितीतरी घरांत, हिंदू शेजाऱ्यांच्या सहवासामुळे, गाईचे मांस वर्ज्यच होते. सणावाराला मटण, एरवी मासळी. अमेरिकेत आल्यावर मोठा गोमांसाचा तुकडा ओव्हनमध्ये घालताना आमचाही हात क्षणभर थांबला, हे कबूल करतो. शिवाय मागच्या भागातली 'गिद हानाशे' ही शीर काढणे किचकट, म्हणून अमेरिकेतले काशेर खाटीक बहुधा मागचा भाग विकतच नाहीत. सरलॉइनसारखे मऊ तुकडे त्याच भागातले. राहतो तो पुढचा: खांदा, बरगडी, छाती. त्यातला छातीचा तुकडा, ज्याला तिकडे ब्रिस्केट म्हणतात, ओव्हनच्या कोरड्या आचेवर चामड्यासारखा होतो. तो झाकण लावून, कांद्याबरोबर तीन-चार तास मंद शिजवावा लागतो. अमेरिकन यहुदी ज्याची चव विसरत नाहीत, ते मांस असे धर्माच्या बंधनातून घडले. आम्ही त्यात आले-लसूण, हळद आणि थोडा गरम मसाला घालतो. शेजारणीने चाखून पाहिले आणि तिनेही मान हलवली. तिच्या मानेचा अर्थ लागायला आम्हाला वेळ लागला नाही.

आता त्या थरथरणाऱ्या सॅलडकडे येऊ. जेल-ओ ही पूड 1897 साली न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावी निघाली. कोबी-सेलरीचे 'परफेक्शन सॅलड' 1905 साली पेनसिल्व्हेनियातल्या एका बाईंनी स्पर्धेत पाठवले आणि त्यांना तिसरे बक्षीस म्हणून शिवणयंत्र मिळाले. पुढे हे सॅलड घरोघर पसरले. आमच्या मते त्याचे कारण चव नव्हे. जिलेटिन उन्हाळ्यात बर्फाच्या कपाटाशिवाय थिजत नाही. म्हणजे ज्याच्या टेबलावर ते सॅलड, त्याच्या घरी ते कपाट. परक्या देशातून आलेल्या कुटुंबाला हे दाखवता येणे लहान गोष्ट नव्हती. आम्ही त्याला हसतो, पण आमच्या पहिल्या फ्रिजवर आम्हीही भरतकाम केलेला रुमाल घातला होता.

परंतु जिलेटिन निघते जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून, पुष्कळदा डुकराच्या. कातडे इतके बदलल्यावर ते मांस राहते का, यावर रब्बींमध्ये मोठा वाद झाला. काहींनी सूट दिली. अमेरिकेत रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी काशेर कापलेल्या जनावराच्या कातड्याचे असेल तरच चालेल, असा निर्णय दिला. आमच्या शेजारीणबाई म्हणूनच काशेर दुकानातली वनस्पतीची पूड वापरत.

आणि हे सगळे ऐकताना आम्हाला मुंबईचा आमचा चायना ग्रास आठवत होता! समुद्रातल्या शेवाळाचा, ना मांसाचा ना दुधाचा. नारळाच्या दुधाबरोबर शिजवला की मटणाच्या जेवणानंतरही खुशाल खावा. रोश हाशानाला, ज्याला आपले वाडवडील नव्याचा सण म्हणत, गव्हाचा चीक काढून तासन्‌तास घोटायची ताकद ज्या घरी उरली नाही, तिथे चायना ग्रासचा हलवा होतो. आणि तो मुंबईच्या उकाड्यात, साध्या ताटात, फ्रिजशिवाय थिजतो. अमेरिकेने ज्यासाठी बर्फाचे कपाट आणि रब्बींचा निर्णय शोधला, ते आपल्या आयांच्या फळीवर कागदाच्या पुडीत पडलेले होते.

मग आमच्या शेजारणीच्या घरचे पुस्तक वीस लाख खपले, आणि आपल्या हलव्याचे काय? आमच्या न्यूयॉर्कमधल्या नातीने मागच्या सणाला फोन करून विचारले, "आजी, चीक किती?" आम्ही म्हणालो, "अंदाजाने." ती म्हणाली, "अंदाज किती ग्रॅमचा असतो?"

चायना ग्रासचे माप आम्ही तिला दिले. दहा ग्रॅम काड्या अर्धा तास भिजवून दोन कप पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळायच्या. त्यात दोन कप दाट नारळाचे दूध, पाऊण कप साखर, वेलची. ताटात ओतून वर बदाम-पिस्ते. जॅक्सन हाइट्सच्या देशी दुकानांत काड्या मिळतात. पण चिकाचा हलवा आम्हाला अजून ग्रॅममध्ये सांगता येत नाही. एक किलो गव्हाला किती नारळ, किती साखर आणि नेमके किती वेळ घोटायचे, हे ज्या भगिनींनी मोजून करून पाहिले असेल, त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर कळवावे. नव्याचा सण यायच्या आत आले तर फार बरे होईल.