औषधांतून उपजलेली व्याधि

रोग हा रोगच असतो. तो पापाचें फळ नव्हे, स्वभावाचा दोष नव्हे, कीं दैवाचा संकेतही नव्हे, हा सुझन सॉन्टॅग या अमेरिकन विदुषीच्या 'इलनेस ॲज मेटाफर' या १९७८ सालच्या ग्रंथाचा सिद्धान्त होय. क्षय आणि कर्करोग यांच्याभोंवतीं साहित्यानें विणलेलीं रूपकें बाईंनीं त्यांत एकेक करून उसवलीं. १९७५ सालीं त्यांना स्वतःलाच स्तनाचा कर्करोग झाला होता. परंतु ग्रंथांत त्याचा उच्चारही नाहीं. तथापि या सिद्धान्ताची खरी कसोटी पुढें लागली, आणि तिचा वृत्तान्त त्यांचे पुत्र डेव्हिड रीफ यांनीं 'स्विमिंग इन अ सी ऑफ डेथ' या २००८ सालच्या पुस्तकांत दिला आहे.

१९९८ सालीं बाईंना गर्भाशयाचा सार्कोमा झाला. त्यांतूनही त्या उठल्या. २००४ सालीं मात्र अस्थिमज्जेचा असा विकार निघाला, कीं ज्याचें पर्यवसान रक्ताच्या कर्करोगांत व्हावें. तो बहुधा पूर्वींच्या औषधांचाच परिणाम होता. सिएटल येथें केलेल्या अस्थिमज्जारोपणानेंही गुण आला नाहीं, आणि २८ डिसेंबर २००४ रोजीं न्यूयॉर्कमध्यें त्यांचा अंत झाला.

ज्या औषधानें तारलें त्यानेंच मारलें! भस्मासुराची कथा ऐकत वाढलेल्या आपणां वाचकांस येथें वर आणि शाप यांचें रूपक न सुचलें तरच नवल. पण वस्तुस्थिति याहून साधी आहे. केमोथेरपीचीं कांहीं औषधें पेशींतील गुणसूत्रांवर आघात करून कर्करोगाच्या पेशी मारतात. त्या माऱ्यांत अस्थिमज्जेंतील एखादी निरोगी पेशी न मरतां केवळ दुखावली जाते आणि कालांतरानें तीच बिघडते. कांहीं वर्गांच्या औषधांनंतर ही आपत्ति बहुधा ५ ते १० वर्षांनीं येते. किरणोपचारानंतरच्या गांठी त्याहूनही उशिरां दिसतात. हॉजकिनच्या रोगांतून छातीवरील किरणांनीं बऱ्या झालेल्या तरुण मुलींमध्यें पुढें स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण वाढलेलें दिसलें, तेव्हां वैद्यकानें किरणांची मात्रा आणि क्षेत्र कमी केलें. यांत सूडही नाहीं, न्यायही नाहीं. एक संभव आहे, आणि तो बहुसंख्य रोग्यांच्या वांट्यास येत नाहीं. १९७५ नंतरचीं २९ वर्षें बाईंना उपचारांनींच मिळालीं, हेंही विसरून चालणार नाहीं.

रीफ यांनीं आईच्या मरणावर असलें कोणतेंही रूपक लादलें नाहीं, हा त्यांच्या पुस्तकाचा मोठा गुण. दोष म्हटला तर तें एकाच प्रश्नाभोंवतीं पुनःपुन्हां घुटमळतें: आईला आशा हवी होती, ती आपण दिली, सत्य बोललों नाहीं, निरोपही घेतला नाहीं, हें योग्य झालें काय? या प्रश्नाचें उत्तर लेखकास सांपडत नाहीं. आमच्या मतें तें त्यांच्या आईच्या ग्रंथांतही मिळणारें नाहीं. रूपकें झाडून टाकल्यानें रोगाची लाज जाते. मरणाचें भय तेवढ्यानें जात नाहीं. बाईंच्या सिद्धान्ताची मर्यादा येथें दिसते. पण त्यामुळें तो खोटा ठरत नाहीं.

आपल्या घरांतून आजही रोग्यापासून रोगाचें नांव लपविण्याची चाल आहे. तिच्या मुळाशीं माया असते, हें कोण नाकारील? परंतु ज्याला आपला आजारच ठाऊक नाहीं, तो २० वर्षांनीं नव्या डॉक्टरपुढें बसला असतां पूर्वीं कोणतीं औषधें घेतलीं, किरण कोठें दिले, हें कसें सांगणार? आणि तें कळल्यावांचून पुढील धोक्यावर नजर तरी कोणी ठेवावी? मरणासन्न मातेस आशा देणें ही एक गोष्ट; बऱ्या होऊन घरीं निघालेल्या माणसास अज्ञानांत ठेवणें ही अगदीं निराळी. रीफ यांची व्यथा पहिल्या गोष्टीपुरती आहे, आणि तिच्याविषयीं कोणीही सहृदय वाचक त्यांस दोष देणार नाहीं. दुसरीविषयीं मात्र बाईंचा ग्रंथच अधिक उपकारक ठरेल. म्हणून हीं दोन्ही पुस्तकें जोडीनें वाचावीं, आणि आधीं आईचें वाचावें.