बाप्ये कुठं गेले?

जुईनगरहून ऐरोलीला ऑफिसला जाताना, लोकलमध्ये, मी मकबूल फिदा हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ पहिल्यांदा नीट पाहिलं. म्हणजे फोनवर. १९५४ सालचं हे चित्र जवळपास १४ फूट लांब आहे. फोन उभा धरला तर त्याची बारीक पट्टी उरते, म्हणून झूम करून बोटानं सरकवत पाहावं लागतं. एकूण १३ चौकटी. दळण दळणाऱ्या बाया, गाय, गाडी, लेकरं. स्वातंत्र्याला सातच वर्षं झालेला देश हुसेननी एका गावात बसवलाय.

अवनींद्रनाथ टागोरांच्या १९०५च्या ‘भारतमाते’च्या चार हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, वस्त्र आणि माळ आहे. तिला नमस्कार करावासा वाटतो. ‘ग्रामयात्रे’तल्या बायांना नमस्कार करायला गेलो तर त्या म्हणतील, सरक बाजूला, कामं पडल्येत. मला हे चित्र आवडलं ते यासाठी.

घरी आजीला दाखवलं. तिचं गाव साताऱ्याकडचं. चष्मा सावरत तिनं चौकटी सरकवल्या आणि विचारलं, “बायाच दिसत्यात जास्त. बाप्ये कुठं गेले?” मग स्वतःच म्हणाली, “मुंबईला गेले असतील.”

आजोबा मुंबईत गिरणीत होते. शेत, गुरं, पोरं आजीनं एकटीनं सांभाळली.

पंढरपुरात जन्मलेले हुसेनही मुंबईलाच आले, सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरलं. गाव सोडलेल्या माणसाला गाव असंच आठवतं, भरलेलं आणि सुखी. या १३ चौकटींत सावकार नाही, गावाबाहेरची वेगळी वस्ती नाही. देशाचं चित्र म्हणून पाहताना ही उणीव मला खटकते.

तरी एका चौकटीपाशी मी थांबतो. तिथे एकटा शेतकरी आहे. त्याचा हात चौकटीची रेघ ओलांडून शेजारच्या चौकटीतली जमीन तोलून धरतो. फोनवर नेमका हाच हात तुटतो. आधी मला तो देश पेलणारा वाटला होता. आजीच्या बोलण्यानंतर वाटतं, हा गाव सोडून गेलेला माणूस आहे आणि जमिनीवरचा हात त्याला काढवत नाहीये.

चित्रानंही गाव सोडलंच. १९५४मध्येच डॉ. लिऑन व्होलोदार्स्की यांनी ते विकत घेतलं, नॉर्वेला नेलं. पुढे अनेक दशकं ते ऑस्लोच्या रुग्णालयात होतं. मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. आधुनिक भारतीय चित्रासाठी तोवरचा तो विक्रम.

आकडा सांगितल्यावर आजी म्हणाली, “एवढ्यात गाव येईल की विकत.”

आमची नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी आहे. आमच्या बिल्डिंगखाली कुणाचं शेत होतं, हे मी कधी विचारलेलं नाही.