सत्त्याण्णवावी जागा आणि आपल्याकडचा एचआयव्ही : एका गाजलेल्या पेपरचं वाचन

२०१० साली 'सायन्स'मध्ये इंटरनॅशनल एचआयव्ही कंट्रोलर्स स्टडीचा पेपर आला. पेटची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला वाटतं, कारण तो खरोखर चांगला आहे. पण सेमिनारमध्ये त्याचं जे होतं ("एचएलए-बी*५७ असेल तर एचआयव्ही काही करू शकत नाही") ते त्यात कुठंच लिहिलेलं नाही.

प्रश्न साधा आहे. एचआयव्ही झालेल्या साधारण ३०० जणांमागे एखादा असा निघतो की औषध न घेताही त्याच्या रक्तात विषाणू फारसा वाढत नाही. या अभ्यासात मर्यादा होती मिलिलिटरमागे २००० प्रती. अशांना कंट्रोलर म्हणतात. असे ९७४ कंट्रोलर आणि आजार वाढत गेलेले २६४८ जण घेऊन त्यांचा अख्खा जीनोम चाळला. ३०० पेक्षा जास्त जागी ठळक फरक सापडला आणि त्या सगळ्या जागा सहाव्या गुणसूत्रावरच्या एकाच पट्ट्यात, एमएचसीमध्ये. एचएलए जनुकं तिथंच बसलेली असतात.

इथंच थांबले असते तर पेपर विसरला गेला असता. ते पुढं गेले आणि विचारलं, या पट्ट्यात नेमकं काय बदलतं? उत्तर मिळालं एचएलए-बी प्रथिनातल्या अमिनो आम्लांमध्ये, आणि सगळ्यात ठळक होती ९७ क्रमांकाची जागा. ती का महत्त्वाची? एचएलए-बीला एक खोबण असते. पेशीच्या आत तयार झालेल्या विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे त्या खोबणीत बसतात आणि पेशीच्या पृष्ठभागावर येतात. आतली भानगड चव्हाट्यावर मांडली जाते म्हणा ना. ती पाहून किलर टी पेशी त्या पेशीला मारतात. ९७ वी जागा या खोबणीच्या तळाशी आहे. तळ बदलला की कुठला तुकडा बसणार तेही बदलतं. म्हणजे नुसत्या आकडेवारीतून ते रेणूच्या आकारापर्यंत पोचले. संशोधनाचा प्रश्न कसा खोल नेतात ते इथं शिका.

बी*५७ च्या बाबतीत बसणारे काही तुकडे विषाणूच्या गॅग प्रथिनातले असतात. तिथं बदल करून विषाणू निसटू शकतो, पण स्वतः लंगडा होतो, त्याची वाढ मंदावते. (अबॅकाविर औषधाची गंभीर ॲलर्जी ज्याच्यामुळे होते तो प्रकारही बी*५७:०१ च. एकच खोबण, एकीकडे फायदा, एकीकडे धोका.)

आता माझे आक्षेप.

पहिला शीर्षकावर. त्यात 'प्रमुख जनुकीय घटक' म्हटलंय. पण युरोपीय वंशाच्या गटात एमएचसीमधले हे फरक मिळून नियंत्रणातल्या तफावतीचा जेमतेम पाचवा हिस्सा समजावतात. बी*५७ असूनही आजार वाढलेले लोक भरपूर आहेत. शिवाय दोन टोकांची माणसं समोरासमोर ठेवली की फरक मोठाच दिसणार. मधली, बहुसंख्य माणसं या रचनेत नाहीतच.

दुसरा आक्षेप आपल्याला जास्त लागू. त्यातले गट युरोपीय वंशाचे, आफ्रिकन-अमेरिकन आणि हिस्पॅनिक. तिकडे विषाणूचा बी उपप्रकार जास्त, भारतात सी. खोबणीत तुकडा बसायचा तर तुकडाही तोच हवा ना? सी उपप्रकारावरचं मोठं काम दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचं आहे. २००४ साली 'नेचर'मध्ये आलेल्या त्या अभ्यासातही एचएलए-बीच वरचढ ठरलं, म्हणजे मूळ कल्पना टिकते. पण तिथं बी*५८:०१ उपयोगी आणि जवळपास तसंच दिसणारं बी*५८:०२ उलट्या बाजूला! तेव्हा तिकडची यादी उचलून नांदेडच्या रुग्णाला लावता येत नाही.

आपल्याकडे कुणी हा विषय घेणार असेल तर गणित आधी करा. एआरटी केंद्रात ३००० जण नोंदलेले धरले तरी कंट्रोलर निघतील १० च्या आसपास. ३० एचएलए प्रकार प्रत्येकी ०.०५ च्या कसोटीवर तपासले, तर काहीच संबंध नसताना सरासरी दीड 'निष्कर्ष' हाती लागतो. ४० नमुन्यांवर असा एक निष्कर्ष काढून चर्चा रंगवलेले प्रबंध मी वाचलेत. त्यातून जातीअंतर्गत लग्नांमुळे समाजागणिक एचएलएचं प्रमाण वेगळं. कंट्रोलर एका समाजातले आणि तुलनेचा गट दुसऱ्या समाजातला निघाला, तर तुम्ही एचआयव्ही नाही, सोयरीक मोजताय. त्या पेपरने वंशातला फरक संख्याशास्त्राने वेगळा काढला होता, ही त्याची जमेची बाजू.

अजून एक अडचण पद्धतीने सुटणारी नाही. २०१७ पासून भारतात सीडी-४ कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू होतात. हे योग्यच आहे. कंट्रोलरच्या शरीरातही दाह चालू राहतो, काहींचं नियंत्रण पुढं सुटतं. पण गोळ्या सुरू झाल्या की विषाणू जनुकांनी दाबला की औषधाने, हे व्हायरल लोडवरून कळत नाही. तुलनेसाठी गोळ्या थांबवायला सांगणं तर सोडूनच द्या. नांदेड-लातूरला हे काम करायचं तर उपचाराआधीचं रक्त साठवलेलं हवं, आणि त्याची परवानगी पहिल्या दिवशी, निदानाने हादरलेल्या माणसाकडून घ्यावी लागेल. ती कशी मागायची, हे तुमच्या प्रस्तावात एचएलए टायपिंगच्या आधी आलं पाहिजे.