वॉर्ड बदलला की निदान बदलतं

सॅम्युअल शेमची 'द हाउस ऑफ गॉड' (१९७८) मेडिकलच्या मुलांनी वाचलेली नसली तरी ऐकलेली असते. इंटर्नशिपच्या वर्षाची ती कडवट, चावट गोष्ट. तिचा पुढचा भाग 'माउंट मिझरी' (१९९७) मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला. त्यात तोच नायक, रॉय बाश, मानसोपचार शिकायला न्यू इंग्लंडमधल्या एका बड्या मनोरुग्णालयात रुजू होतो. शेम हे टोपणनाव. लेखक स्टीफन बर्गमन स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. म्हणजे ही आतल्या माणसाची साक्ष. पण ती नेमकी कुणाबद्दलची?

शिकाऊ डॉक्टर जसा वॉर्डावॉर्डांतून फिरतो, तशीच ही गोष्ट फिरते. ब्लेअर हाइलरच्या वॉर्डात जवळपास प्रत्येक पेशंट 'बॉर्डरलाइन' ठरतो आणि त्याला डिवचून त्याचा राग बाहेर काढणं हा उपचार असतो. फ्रॉइडपंथी ए. के. लोवेलच्या हाताखाली डॉक्टरने गप्प बसायचं असतं. आणखी एका ठिकाणी सगळी भिस्त गोळ्यांवर. रॉय जिथे जातो तिथल्यासारखा होतो. कधी भांडकुदळ, कधी मुका, कधी गोळ्या खरडणारा.

ही अतिशयोक्ती आहे, पण तिच्या मुळाशी असलेलं निरीक्षण अचूक आहे. हाड मोडलं की एक्स-रेवर दिसतं. तिथे सर आणि विद्यार्थी एकच चित्र बघतात. मानसोपचारात निदान बहुतेक बोलण्यातून, वागण्याच्या निरीक्षणातून आणि नातेवाइकांनी सांगितलेल्या हकिकतीतून होतं. नवख्याला काय ऐकायचं हेच ठाऊक नसतं, त्यामुळे तो आधी सरांचे कान उसने घेतो. आजाराआधी तो सरांचा सिद्धान्त शिकतो. हे इतक्या निर्दयपणे आणि इतकं हसवत सांगणारी दुसरी कादंबरी माझ्या वाचनात नाही.

गडबड होते ती पेशंटांच्या बाबतीत. प्रत्येक गुरूची खिल्ली उडवायला एकेक पेशंट पुढे येतो आणि काम झालं की मागे सरतो. पेशंटकडे 'केस' म्हणून बघणाऱ्यांवर चिडलेली ही कादंबरी स्वतःही त्याला केस म्हणूनच वापरते. शेवटी तिचं उत्तर येतं : पेशंटशी माणसासारखं नातं जोडा. खोटं कोण म्हणेल? पण बाहेर ओपीडीची रांग लागलेली असताना ते कसं जोडायचं, हे शिकवायला शेमला वेळ नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न जास्त टोचतो. २०२१च्या नियमांनुसार एमबीबीएसच्या वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराच्या वाट्याला दोन आठवडे येतात. रॉयकडे वॉर्ड बदलायला वर्ष होतं. आपल्या इंटर्नला पेपर काढणं, औषधं लिहून घेणं यातून मान वर करेपर्यंत पोस्टिंग संपलेलं असतं. पुढे हाच डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात बसतो. समोरची बाई 'डिप्रेशन' म्हणत नाही. ती म्हणते, जीव घाबरतो, डोकं जड होतं, कशात मन लागत नाही. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले की तिला टॉनिक मिळतं.

कादंबरीत सुरुवातीलाच एक आत्महत्या होते. रॉयला आपलासा वाटणारा वरिष्ठ डॉक्टर, आणि आत्महत्या हाच त्याचा अभ्यासविषय. ते मरण पुस्तकभर रॉयची पाठ सोडत नाही. हा भाग वाचताना मला आठवतो तो आपला कॅज्युअल्टी वॉर्ड : कीटकनाशक प्यायलेला शेतकरी, पोट धुणं, अॅट्रोपिन, मग डिस्चार्ज. तो का प्यायला, आणि पुन्हा पिण्याचा विचार मनात येतो का, हे विचारायचं कुणी? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. सरळ विचारल्याने धोका वाढत नाही. दोन आठवड्यांत इंटर्नला हा एक प्रश्न न अडखळता विचारता आला, तरी पोस्टिंग सार्थकी लागलं म्हणायचं.

शेमने जे निसटू दिलं ते सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटांत सापडतं. 'देवराई'मधला स्किझोफ्रेनिया, 'अस्तु'मधला स्मृतिभ्रंश, 'कासव'मधलं नैराश्य. तिन्हीकडे कॅमेरा आजारी माणसाजवळ आणि त्याला सांभाळणाऱ्यांजवळ थांबतो. 'अस्तु'मध्ये तर मोहन आगाशे, जे प्रत्यक्षात मानसोपचारतज्ज्ञ, स्वतः पेशंट होतात. टेबलाची बाजू बदलून बसणं म्हणजे काय, ते तिथे दिसतं. मात्र या चित्रपटांचा मुख्य माणूस शिकाऊ डॉक्टर नाही. पहिल्यांदाच मनाच्या पेशंटसमोर बसलेला, घाबरलेला तेविशीतला मुलगा किंवा मुलगी अजून आपल्या गोष्टीच्या मध्यभागी यायची आहे.

तोवर 'माउंट मिझरी' वाचावी. सातशे पानं असती तरी चालली असती अशी ती नाही. मधे ती पसरते, विनोद काही ठिकाणी ओशाळवाणा वाटतो. पण इंटर्नशिपला निघालेल्याने ती वाचली, तर सर एखादं निदान ठामपणे सांगत असताना त्याची नजर एकदा तरी पेशंटकडे वळेल.