विनोदाची बेवारस ओळ

मार्च २०२३ मध्ये वि. वि. करमरकर गेले, त्याच वर्षी जुलैत शिरीष कणेकर आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये द्वारकानाथ संझगिरी. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला रोजचं मानाचं पान मिळवून दिलं. ‘एकच षटकार’ या क्रीडा नियतकालिकातून पुढे आलेल्या संझगिरींनी क्रिकेटचे दौरे गोष्टीसारखे रंगवले. आणि खेळ, सिनेमा, घरसंसार या सगळ्यांना एका वाक्यात टपली मारण्याची सवय मराठी वाचकाला लावली ती कणेकरांनी. त्यांच्यामागे या एका ओळीच्या कलेचं काय झालं, ते आता बघायला हवं.

संझगिरी गेले त्याच महिन्यात दिल्लीत तालकटोरा स्टेडियमवर ९८वं मराठी साहित्य संमेलन भरलं. तिथून थोड्याच अंतरावर सरोजिनी नगर आहे. पूर्वीचं हे विनयनगर, केंद्र सरकारच्या नोकरदारांची वसाहत. बदलीवर आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी इथल्या क्वार्टर्समध्ये संसार केले. ज्यांचं नाव या वसाहतीला आहे त्या सरोजिनी नायडू हजरजबाबी म्हणून प्रसिद्ध होत्या. गांधीजींना ‘मिकी माऊस’ म्हणण्याची हिंमत त्यांची, आणि त्यावर मनापासून हसणं गांधीजींचं. अपार आदर आणि रोजचा सहवास असल्याशिवाय असा चिमटा काढता येत नाही. एका ओळीच्या विनोदाची पहिली अट हीच.

मराठीत ही परंपरा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ वाटले. तो विनोद ऐसपैस होता, त्याला मासिकाची पानं लागत. वर्तमानपत्रं आणि साप्ताहिकं घरोघर जाऊ लागली तशी त्याची वाक्यं आखडली. कारवारहून मुंबईत आलेल्या दत्तू बांदेकरांनी अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये चाळीतल्या आणि रस्त्यावरच्या माणसाला हसवलं. जयवंत दळवींनी ‘ठणठणपाळ’ होऊन ‘ललित’मध्ये साहित्यिकांची फिरकी घेतली. रोजच्या घरातला विनोद मंगला गोडबोले यांनी बाईच्या नजरेतून लिहिला, तेव्हा पुरुषांच्या लिखाणातून निसटलेलं अर्धं घर दिसू लागलं.

कणेकरांनी यात भर घातली ती वेगाची. त्यांच्या लेखात एक वाक्य मांडणी करतं आणि पुढचं ती उधळतं. हे जमायचं, कारण खेळाडूची धावसंख्या, त्याची ढब, त्याचा पडता काळ हे सारं त्यांना पाठ होतं. नावडत्या खेळाडूवरही ते तुटून पडत ते त्याला डोळे भरून पाहिल्यावरच. त्यांचा तिरकसपणा कधी कधी बोचरा व्हायचा, काही वेळा पुनरुक्तही व्हायचा. पण खाली नाव असायचं, आणि वाचकाचा राग झेलायला लेखक उभा असायचा.

या कलेत शेवटचा शब्द सांभाळावा लागतो. नमुन्यासाठी एक ओळ रचून पाहू: ‘सरोजिनी नगरच्या बाजारात दोनशेचा कुर्ता शंभरला मिळाला की आनंद होतो आणि शेजारणीने तोच ऐंशीला आणला की तो संपतो.’ इथे कुर्ता, दुकानदार, शेजारीण यांतलं कुणीच हास्यास्पद नाही. हसू येतं ते आपल्याच मनाचं. ‘तो संपतो’नंतर एक शब्द जरी वाढवला तरी ओळ पडते. लिहिणाऱ्याला हे कळतं, पण हात आवरायला वर्षं लागतात.

आज अशी ओळ लिहिणारे नाहीत असं नाही. ‘लोकसत्ता’त तंबी दुराई या नावाने श्रीकांत बोजेवारांनी आणि ‘सकाळ’मध्ये ब्रिटिश नंदी या नावाने प्रवीण टोकेकरांनी सदरलेखनाचा दर्जा राखला. पण वर्तमानपत्री विनोदाचा मोठा हिस्सा राजकारणाने गिळला आहे. नेत्यांच्या कोलांट्यांवर रोज लिहिलं जातं. रिक्षावाला, सोसायटीची सभा, मुलाचं क्रिकेट शिबिर मात्र सदरांतून हद्दपार होत चाललं आहे. त्यांच्यावरच्या ओळी फोनवर फिरतात, बिननावाच्या. एकाची ओळ दुसऱ्याच्या नावावर, बहुतेकदा पु. लं.च्या नावावर खपते. नाव नसलं की जबाबदारी नसते. मग बायको, जाडेपणा, परप्रांतीय यांवरच्या शिळ्या थट्टेलाच विनोद समजलं जातं.

दुसरी उणीव भूगोलाची आहे. मराठी विनोद मुंबईची लोकल आणि पुणेरी पाटी यांतच रमतो. सरोजिनी नगरचे जुने क्वार्टर्स पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. एका पिढीचा दिल्लीतला मराठी संसार त्या क्वार्टर्सबरोबर पुसला जातो आहे. दिल्लीच्या थंडीत उकडीचे मोदक करणारं घर, फिरोजशाह कोटल्यावर मुंबईच्या फलंदाजासाठी ओरडणारा कारकून, यांच्यावर नेमाने लिहिणारं सदर मराठीत उभं राहिलं नाही.

संपादकांना माझी विनंती आहे: क्रीडापानावर आणि पुरवणीत चार ओळींची एक चौकट राखून ठेवा, ती एकाच लेखकाला वर्षभर द्या, नावासह छापा आणि तिचं नीट मानधन द्या. त्यातली एखादी चौकट महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाकडे जाऊ द्या. वाचकांनी एवढंच करावं, आवडलेली ओळ पुढे पाठवताना लिहिणाऱ्याचं नाव पुसू नये.