‘छत्र्यांची सर्कस’ : एका षष्ठीचा अर्थ

अंकलखोपच्या विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. त्याच वर्षी ‘शाकुंतला’चा प्रयोग होऊन संगीत नाटकाचे पर्व सुरू झाले. साहजिकच १९८० हे दोहोंचे शताब्दीवर्ष ठरले. परंतु अशा प्रसंगीच्या लेखनात सर्कशीचे श्रेय बहुधा एकट्या संस्थापकास दिले जाते. ही दृष्टी अपुरी आहे, असे भाषाच सुचविते.

कोरेगावी ‘पाटलांचा वाडा’ म्हटले असता ते अनेकवचन एका व्यक्तीच्या आदरार्थ की साऱ्या घराण्यास उद्देशून, हे केवळ रूपावरून ठरत नाही. ‘छत्र्यांची सर्कस’ या प्रयोगातही हीच संदिग्धता आहे. तिचा निर्णय इतिहासाने करावयाचा. विष्णुपंतांनंतर तिची धुरा बंधू काशिनाथपंतांनी वाहिली. छत्र्यांच्या संपर्कातून तलशेरीच्या कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी ही विद्या आपलीशी केली व १९०१ साली केरळात सर्कशीची शाळा काढली. म्हणजे ही सर्कस पुढे चालू राहिली, त्यात बंधूंचाही वाटा होय. स्थापनेच्या तिथीवरच दृष्टी खिळविणारा इतिहासकार या षष्ठीचा आदरार्थ तेवढा घेतो. घराण्याचा अर्थ मात्र त्याच्या हातून निसटतो.